जर-तर आणि सन १९५२ : हैदराबाद राज्याच्या पहिल्या निवडणुकीचा एक पर्यायी विचार

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे आपल्याकडे वारंवार म्हटले जाते. आणि तसे म्हणणारा विद्वान पुढच्याच परिच्छेदात "पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर" अशी सुरुवात करताना आढळतो. याला विसंगती म्हणण्याचे कारण नाही. अमुक गोष्टीमुळे तमुक घडले, या प्रत्येक विधानाच्या पोटात "ती गोष्ट नसती तर हे घडले नसते" असे दुसरे विधान दडलेले असते. कार्यकारणभाव सांगावयाचा आणि जर-तर टाळावयाचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येणारी नव्हेत. तेव्हा जर-तर करावयाचे की नाही, हा खरा प्रश्न नसून ते कोणत्या शिस्तीने करावयाचे, हा आहे.

या शिस्तीची पहिली खूण मराठी व्याकरणातच सापडते. आपल्या वैयाकरणांनी क्रियापदाचा जो संकेतार्थ सांगितला आहे, त्यात दोन वाक्ये एकमेकांस बांधलेली असतात. "तो आला तर काम होईल" या वाक्यात दार उघडे आहे. "तो आला असता तर काम झाले असते" या वाक्यात ते बंद झाले आहे, आणि बोलणारा बंद दारासमोर उभा राहून बोलत आहे, हे त्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे. जुन्या मराठीत हेच काम "तो येता तर" अशा एकेरी रूपाने होत असे. परभणीच्या बाजारात दखनी बोलणारा मनुष्य "वो आता तो काम होता" असे म्हणतो, तेव्हा तो जवळजवळ तेच रूप वापरीत असतो. यात ध्यानात ठेवावयाची गोष्ट एवढीच, की संकेतार्थाचे दुसरे वाक्य पहिल्यावाचून उभे राहत नाही. मराठवाड्यातील सभांतून मात्र बहुधा दुसरे वाक्यच ऐकू येते. "मराठवाडा असा मागे राहिला नसता", "आमच्यावर ही वेळ आली नसती". जर कोठे आहे? काय वेगळे झाले असते म्हणजे ही वेळ आली नसती? बोलणारा कधी १९६० चा निर्देश करतो, कधी १९५६ चा, कधी १९४८ चा. पुष्कळदा कशाचाच नाही. प्रस्तुत लेखात हे पहिले वाक्य १९५२ च्या निवडणुकीच्या ठिकाणी भरून पाहावयाचे आहे. हैदराबाद राज्यात प्रौढ मताधिकाराने झालेली ती पहिली निवडणूक. परभणीच्या सामान्य शेतकऱ्यास राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार प्रथम मिळाला तो तिच्यात.

परदेशात या प्रकारच्या विचाराला चांगली परंपरा आहे, आणि त्यातही अमेरिकेच्या आरंभीच्या अध्यक्षीय निवडणुका हा तेथील अभ्यासकांचा आवडता विषय आहे. सन १८०० ची निवडणूक घ्या. निर्वाचकांच्या मतांत जेफर्सन यांस ७३, त्यांच्याच पक्षाचे बर यांस ७३, विद्यमान अध्यक्ष ॲडम्स यांस ६५ अशी मते पडली. न्यूयॉर्क राज्याची १२ मते जेफर्सन यांच्याकडे होती. ती ॲडम्स यांच्याकडे गेली असती तर ७७ विरुद्ध ६१ असा उलटा निकाल लागला असता. दुसरे गणित याहून बोचरे आहे. दक्षिणेतील राज्यांची निर्वाचक-संख्या ठरविताना गुलामांची तीन-पंचमांश गणना करण्यात येत असे, मात्र गुलामांस मत नव्हते. ही गणना वगळली तर ॲडम्स पुन्हा निवडून आले असते, असे काही अमेरिकन इतिहासकारांनी दाखविले आहे. जेफर्सन व बर यांची बरोबरी झाल्यामुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तेथे तो १८०१ च्या फेब्रुवारीत ३६ व्या फेरीत लागला. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की हा फाटा पुढच्या पिढीच्या कल्पनेतून निघालेला नाही. त्या काळच्या लोकांनाही तो दिसला होता, आणि म्हणूनच १८०४ मध्ये त्यांनी राज्यघटनेत बारावी दुरुस्ती करून अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मतदानाची तरतूद केली.

यावरून दोन नियम काढता येतात. कल्पनेत जेवढा बदल करावयाचा तो कमीत कमी असावा. आणि जो पर्याय आपण उभा करतो तो त्या काळच्या माणसांपुढे खरोखर उभा होता, याचा पुरावा असावा. विश्वासराव वाचले असते, हा पहिल्या नियमात बसतो. पेशव्यांनी सतराशे साठात प्रौढ मताधिकार दिला असता, हा दुसऱ्या नियमाने बाद होतो. या दोन नियमांच्या आधारे आपल्या प्रश्नाकडे वळू.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरण आले. त्यानंतर मेजर जनरल चौधरी यांचे लष्करी प्रशासन, व २६ जानेवारी १९५० पासून वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याच्या मुख्यमंत्रिपदाखालील सरकार, अशी साडेतीन वर्षे गेली. निजाम राजप्रमुख म्हणून राहिले. या काळात दोन मोठे कायदे झाले. १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करण्यात आल्या आणि १९५० मध्ये कूळकायदा येऊन संरक्षित कुळांचा वर्ग निर्माण झाला. म्हणजे जमिनीसंबंधीची सर्वांत मोठी उलथापालथ निवडणुकीच्या आधीच, निवडून न आलेल्या सरकारने केली होती. हे प्रथमच नोंदवून ठेवणे बरे. कारण १९५२ चा निकाल उलटा लागला असता तर जहागिरी गेल्या नसत्या किंवा लवकर गेल्या असत्या, असे कोणी म्हणू लागले तर त्याचे ते म्हणणे तारखेनेच निकालात निघते.

राज्यात त्या वेळी १६ जिल्हे होते : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच व कर्नाटकाचे तीन. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता, तो १९९९ मध्ये वेगळा झाला; परतूरचा भागही परभणीचा, तो १९८१ मध्ये जालन्याकडे गेला. हे सांगण्याचे कारण असे, की महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली जेथे भरले ते परतूर त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातले. संस्थानातील राजकीय चळवळ आरंभापासूनच आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद व कर्नाटक परिषद अशा भाषावार संस्थांतून वाढली. स्टेट काँग्रेस ही या तीन प्रवाहांवर बांधलेली होती. या बांधणीचे महत्त्व पुढे दिसेल.

निवडणुकीचे आकडे आता पाहू. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२, समाजवादी पक्षाला ११, शेतकरी कामगार पक्षाला १०, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला ५ व अपक्षांना १४ जागा मिळाल्या. फ्रंट म्हणजे मुख्यतः कम्युनिस्टच. पक्षावर राज्यात बंदी असल्यामुळे त्यांनी या नावाने निवडणूक लढविली. सशस्त्र लढा त्यांनी १९५१ च्या ऑक्टोबरात, निवडणुकीच्या तोंडावरच, मागे घेतला होता. तरीही नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी यांस लोकसभेसाठी तीन लाखांहून अधिक मते पडली, आणि ती खुद्द पंतप्रधान नेहरूंना अलाहाबादकडील मतदारसंघात मिळालेल्या मतांहून अधिक होती. फ्रंटचे विधानसभेतील नेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी भाषक. निवडून आले होते ते तेलंगणातील इप्पागुडा मतदारसंघातून. तेलुगू शेतकऱ्यांनी एका देशपांड्यास आपला प्रतिनिधी म्हणून पाठवावे, ही गोष्ट भाषिक अस्मितेवर लिहिणाऱ्यांनी जरा थांबून विचारात घेण्यासारखी आहे.

परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांस पाठविले. या पक्षाला देशात सर्व मिळून लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या. दुसरी सोलापूरची, शंकरराव मोरे यांची. हैदराबाद राज्यातील लोकसभेच्या २५ जागांपैकी काँग्रेसला १४ मिळाल्या असताना परभणीने हा वेगळा कौल दिला. लेव्हीची वसुली, कूळकायद्याची अर्धवट अंमलबजावणी, आणि मुक्तिसंग्रामात एकत्र असलेल्या माणसांच्या त्यानंतर पडलेल्या वाटा, यांचा त्यात वाटा होता असे मानण्यास जागा आहे.

मतदान कसे झाले, यावर एक शब्द. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. मतदाराने कोऱ्या मतपत्रिकेवर काही न लिहिता ती हव्या त्या पेटीत टाकावयाची. बैलजोडी ज्यास ओळखता येते त्यास मत देता येते, इतके ते सोपे होते. काही मतदारसंघांतून दोन-दोन सभासद निवडावयाचे असत. पेट्यांची पद्धत पुढे मोडून १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत शिक्का मारण्याची पद्धत सर्वत्र आली, आणि द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. अमेरिकनांच्या बाराव्या दुरुस्तीप्रमाणे येथेही पहिल्या निवडणुकीने पुढील निवडणुकांचे यंत्र बदलले. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्या निवडणुकीतील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती मतदार-याद्यांची. देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून गाळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. ही गळती मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेश येथील होती. मताधिकार मिळाला आणि तो केवळ नामोच्चाराच्या संकेतामुळे हातचा गेला, असे उदाहरण जगाच्या निवडणूक-इतिहासात दुसरे क्वचितच असेल.

आता जर-तर. १७५ च्या सभागृहात बहुमतास ८८ जागा लागतात. काँग्रेसला ९३ होत्या. म्हणजे सहा जागा इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर काँग्रेसचे बहुमत राहिले नसते. सहा जागा म्हणजे फार नव्हेत. न्यूयॉर्कच्या १२ मतांइतकाच हा फाटा बारीक आहे. येथे हौशी लेखक लगेच पुढची इमारत उभी करील : शेतकरी कामगार पक्षाचे दहा सभासद तराजूचा काटा बनले असते, मराठवाड्याचे मत निर्णायक ठरले असते, इत्यादी. पण व्यवहार पाहणाऱ्यास दिसेल, की सहा जागा कमी पडल्या असत्या तर सर्वप्रथम चौदा अपक्षांची दारे वाजली असती, आणि त्यांतली निम्मी तरी उघडली असती. बी. रामकृष्णराव यांनी मार्च १९५२ मध्ये जी शपथ घेतली ती कदाचित काही दिवस उशिरा घेतली असती, एवढाच फरक. तेव्हा सहा जागांचा फाटा कागदावर बारीक असला तरी प्रत्यक्षात तो फाटाच नाही.

खरा फाटा पाहावयाचा तर मतांच्या प्रमाणाकडे जावे लागते. काँग्रेसला मिळालेली मते सुमारे ४२ टक्के होती. त्या प्रमाणात जागा मिळत्या तर त्या ७३ च्या आसपास भरत्या. ७३ मध्ये चौदाही अपक्ष मिळविले तरी बेरीज ८७ होते, बहुमताला एक कमी! फ्रंटची मते सुमारे २१ टक्के. प्रमाणाने ३६ जागा झाल्या असत्या, प्रत्यक्षात ४२ मिळाल्या. कारण त्यांची मते तेलंगणाच्या काही जिल्ह्यांत एकवटलेली होती. समाजवाद्यांची मते सुमारे ११ टक्के, प्रमाणाने १९-२० जागा, मिळाल्या ११. म्हणजे काँग्रेसला जो लाभ झाला तो मोठ्या विरोधकाकडून झाला नाही, विखुरलेल्या लहान विरोधकांकडून झाला. हे गणित अर्थात दिशादर्शकच समजावे. निवडणुकीची पद्धत वेगळी असती तर पक्षांनी उमेदवार वेगळे उभे केले असते आणि लोकांनी मतेही वेगळी दिली असती. शिवाय प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा पर्याय संविधान सभेने विचारात घेऊन बाजूस ठेवलेला होता. १९५२ मध्ये तो मतदारापुढे नव्हता. आपल्या दुसऱ्या नियमात बसणारा पर्याय एकच : मराठवाड्यात व शहरांत विरोधी पक्षांनी परस्परांत जागावाटप केले असते. ते त्यांच्या हातात होते, आणि त्यांनी ते पुरेसे केले नाही, हे जागा व मते यांतील तफावतीवरूनच उघड आहे.

तेव्हा असे समजू, की जागावाटप झाले, काँग्रेस पंचाहत्तरच्या घरात राहिली, आणि हैदराबादेत संयुक्त मंत्रिमंडळ आले. परभणीच्या दृष्टीने पुढे काय बदलले असते?

पहिला प्रश्न राज्याच्या अस्तित्वाचा. हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात गेला, तो गेला असता की नाही? माझ्या मते गेलाच असता, आणि कदाचित लवकर. या प्रश्नावर सत्ताधारी व विरोधक यांत भेद नव्हता. कम्युनिस्टांचा विशालांध्राचा पुरस्कार जुना होता. शेतकरी कामगार पक्ष संयुक्त महाराष्ट्राचा. आणि काँग्रेसमध्ये स्वामी रामानंद तीर्थ त्रिभाजनाचे आग्रही. भाषावार परिषदांवर उभ्या राहिलेल्या संघटनेकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. राज्य अखंड राहावे असे वाटणारे होते, ते हैदराबादेपेक्षा दिल्लीत अधिक. पंतप्रधान नेहरू आरंभी विघटनास अनुकूल नव्हते. पण दिल्लीचे मत हैदराबादच्या मतपेट्यांत ठरणार नव्हते. ते बदलले डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू यांच्या उपोषणानंतरच्या आंध्रातील उद्रेकाने, आणि ती घटना मद्रास राज्यातली.

याला पुरावा म्हणून १९५५ च्या अखेरीस हैदराबाद विधानसभेत राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावर झालेली चर्चा पाहावी. फाजल अली, कुंझरू व पणिक्कर यांच्या आयोगाने मराठवाडा द्विभाषिक मुंबईस जोडावा, विदर्भाचे वेगळे राज्य करावे आणि तेलंगणास तूर्त स्वतंत्र ठेवून १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकीनंतर दोन-तृतीयांश बहुमताने आंध्रात जाण्याची मुभा द्यावी, अशी शिफारस केली होती. चर्चेत मत मांडणाऱ्या १४७ सभासदांपैकी १०३ विशालांध्राच्या बाजूने, २९ वेगळ्या तेलंगणाच्या बाजूने बोलले, १५ तटस्थ राहिले. या १०३ मध्ये मराठी व कन्नड सभासदही होते. मराठी सभासद मनाने केव्हाच मुंबईकडे निघाले होते, आणि जाता जाता त्यांनी तेलंगणाचा प्रश्न निकालात काढण्यास हातभार लावला. संयुक्त मंत्रिमंडळ असते तर विशालांध्राच्या बाजूचा आकडा वाढला असता; कमी झाला नसता.

आयोगाची विदर्भविषयक शिफारस मान्य झाली असती तर मात्र परभणीचा भूगोल निराळा झाला असता. पैनगंगा ही १९५६ पर्यंत हैदराबाद व मध्य प्रदेश यांची सीमा होती. ती पुढेही राज्यसीमाच राहिली असती. हिंगोली-कळमनुरीच्या शेतकऱ्याला वाशिमच्या बाजारात जाताना राज्य ओलांडावे लागले असते. परंतु हा फाटा १९५२ च्या निवडणुकीतून निघत नाही. तो १९५६ च्या दिल्लीतील निर्णयाचा आहे, आणि आपल्या विषयाच्या बाहेरचा.

मग निवडणुकीच्या निकालावर अवलंबून होते ते काय? सीमा नव्हे, सीमा ओलांडताना परभणीच्या हातात कोणता कागद असावा, ते. काठावरच्या सभागृहात मराठवाड्याच्या विरोधी सभासदांना भाव आला असता. जाण्याच्या अटी त्यांना सभागृहात मांडून, ठरावाच्या रूपाने मिळविता आल्या असत्या. प्रत्यक्षात अटी ठरल्या त्या सभागृहाबाहेर. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मुंबई राज्य, विदर्भ व मराठवाडा येथील काँग्रेस पुढाऱ्यांनी सह्या केल्या. मराठवाड्याच्या बाजूने सही करणाऱ्यांत देवीसिंग चौहान होते, जे दखनीचे अभ्यासक म्हणून आम्हां भाषा-अभ्यासकांना अधिक परिचित आहेत. ज्या परभणीने लोकसभेवर विरोधी पक्षाचा माणूस पाठविला होता, तिचा तो माणूस किंवा त्याचा पक्ष या करारात कोठेही नव्हता. नोकऱ्या, शिक्षण, विकासाचा खर्च यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे आश्वासन करारात होते; कायद्याचे बंधन त्याला नव्हते. १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. मंडळे प्रत्यक्षात स्थापन झाली १९९४ मध्ये, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. करार ते मंडळ, एकेचाळीस वर्षे.

येथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, की मग मराठवाड्याच्या सभांतील ते दुसरे वाक्य खरेच ठरले : निवडणूक निराळी झाली असती तर अटी पक्क्या मिळाल्या असत्या, आणि ही वेळ आली नसती. या अनुमानाला तपासून पाहण्याची सोय इतिहासाने सुदैवाने ठेवली आहे. त्याच राज्याचा, त्याच विधानसभेचा, दुसरा तुकडा तेलंगणा. तेलंगणाच्या पुढाऱ्यांनी आंध्रात जाण्यापूर्वी २० फेब्रुवारी १९५६ रोजी आंध्रच्या पुढाऱ्यांशी लेखी करार केला. प्रादेशिक मंडळ, नोकऱ्यांतील रहिवासाची अट, शिलकी महसुलाचा विनियोग तेथेच, मुख्यमंत्री एका भागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्याचा, इतक्या बारकाईने तो लिहिला होता. मराठवाड्याने मागावयास हवे होते असे ज्यास वाटते ते जवळजवळ सर्व त्यात आहे. पहिल्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्रिपद भरले गेले नाही. १९६९ मध्ये तेलंगणात मोठे आंदोलन पेटले, आणि २ जून २०१४ रोजी ते राज्य वेगळे झाले. अटी लिहून घेतल्या म्हणून त्या पाळल्या गेल्या नाहीत. तेव्हा आमच्या जर-तरमधील मराठवाड्यासही जो कागद मिळाला असता, त्याची गत याहून फार निराळी झाली असती असे म्हणण्यास आधार नाही. फरक पडलाच असता तर तो इतकाच, की मोडलेल्या वचनाची नक्कल दाखविता आली असती. राजकारणात ही गोष्ट अगदीच निरुपयोगी नसते. तेलंगणाने तिचा उपयोग करून दाखविला.

मुख्य म्हणजे अटी पाळावयास लावणारा माणूस सभागृहात लागतो. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली. मराठवाडा मोठ्या प्रमाणावर काँग्रेसच्या बाजूस राहिला, आणि द्विभाषिक मुंबईचे मंत्रिमंडळ मराठवाडा व विदर्भ यांच्याच आधारावर टिकले. तराजूचा काटा होण्याची जी स्थिती आपण १९५२ साठी कल्पनेने उभी केली, ती मराठवाड्याला पाच वर्षांनी खरोखरच मिळाली होती. तिचा मोबदला काय मागितला गेला? १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ स्थापन झाले, हे त्या काळातील मोठे फलित मानावे लागेल. उच्च न्यायालयाचे खंडपीठ मात्र १९८१ पर्यंत आले नाही. तोवर परभणीच्या पक्षकाराला, जो पूर्वी हैदराबादच्या उच्च न्यायालयात जाई, मुंबईची वाट धरावी लागे. आणि मीटर गेजच्या गाडीतून मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. निजामाच्या रेल्वेने घातलेली ती वाट हैदराबादकडे तोंड करून होती. आजही परभणीचे स्थानक ज्या दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येते, तिचे मुख्यालय सिकंदराबादेस आहे. राज्याची सीमा एका रात्रीत हलविता येते, रुळांची नाही. पर्यायी इतिहास लिहिणारे हे बहुधा विसरतात.

आणखी एक गोष्ट अशीच न हललेली. ती भाषेची असल्यामुळे तिच्यावर थोडे अधिक लिहितो. निजामी राजवटीत प्रशासनाची भाषा उर्दू होती. जमिनीचे कागद उर्दूत, सन फसली. फसली १३५७ म्हणजे इसवी १९४७-४८, हे गणित परभणीच्या जुन्या वकिलांना तोंडपाठ असे. १९५६ नंतर हे कागद मुंबई राज्याच्या कचेऱ्यांत आले, आणि त्यांना वाचणारे कारकून एकेक करून निवृत्त झाले. शब्द मात्र मागे राहिले. १९५४-५५ चे खासरा पत्रक आजही परभणीच्या जमिनीच्या दाव्यांत मागितले जाते. पुण्याच्या वकिलाला ते काय हे समजावून सांगावे लागते.

आमच्या पर्यायी हैदराबादेत काय झाले असते? राज्य लवकर विभागले गेले असते असे वर म्हटले. म्हणजे उर्दू वाचणाऱ्यांची परंपरा याहूनही लवकर तुटली असती. याउलट दिल्लीच्या आरंभीच्या इच्छेप्रमाणे राज्य अखंड राहिले असते, तर परभणीच्या तहसिलीत मराठीबरोबर उर्दू वाचू शकणारा कारकून आणखी एक-दोन पिढ्या तरी टिकला असता. मराठीला कचेरीत पूर्ण स्थान मिळण्यास विलंब लागला असता, हेही खरे, आणि माझ्यासारख्या मराठीच्या अध्यापकाला तो व्यवहार महागच वाटेल. पण त्याचा दुसरा पैलू २०२३ मध्ये दिसला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे उघडली गेली. परभणीतील हजारो कुटुंबांच्या दाखल्यांचा प्रश्न त्या दप्तरांवर येऊन ठेपला, आणि कचेऱ्यांना मोडी व उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. ज्या जिल्ह्यात सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी प्रत्येक तहसिलीत असे वाचक बसलेले असत, त्या जिल्ह्यात.